किती टिकेल, ते खोक्यावर लिहा

२० जून २०२५ पासून युरोपीय संघाच्या २७ देशांत बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनसोबत एक रंगीत पट्टी दाखवणं सक्तीचं झालं. युरोपात फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर कितीतरी वर्षं दिसते तीच ही पट्टी: हिरव्यापासून लालपर्यंत उतरत जाणारे बाण आणि 'ए' ते 'जी' ही अक्षरं. नवं आहे ते खालच्या भागात. एकदा चार्ज केलेली बॅटरी किती तास-मिनिटं पुरते, फोन किती वेळा पडला तरी चालू राहतो, किती चार्जिंगनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर उतरते, फोन उघडून दुरुस्त करणं कितपत सोपं आहे आणि धूळ-पाणी त्याला कितपत सोसतं, या पाच गोष्टी तिथे छोट्या चित्रांनी सांगितलेल्या असतात. वर कोपऱ्यात क्यूआर कोड. तो स्कॅन केला की युरोपीय संघाच्या 'एप्रेल' नावाच्या नोंदवहीत त्या मॉडेलचं पान उघडतं.

दुकानात फोन घेताना आपण आजवर काय विचारत आलो? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, फाइव्ह-जी आहे ना आणि ईएमआय किती बसेल. हा फोन चार वर्षांनी चालेल का, हे कुणी विचारलं तरी काउंटरमागच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसायचं, कारण ते कुठे लिहिलेलंच नसायचं. ते लिहायला लावणं ही या नियमांची मूळ कल्पना. कल्पना चांगली आहे. मात्र पट्टीवर काय लिहायचं, काय गाळायचं आणि लिहिलेलं खोटं निघालं तर काय, यावर तिचं सगळं मोल ठरतं. युरोपात गेल्या पाच-सहा वर्षांत या तिन्ही प्रश्नांवर बरंच काही घडलं आहे, आणि भारत सरकारही आता त्याच वाटेवर येऊन उभं आहे.

पट्टीवरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात कमी कामाचं तेच आहे. ते ऊर्जा-वर्गाचं अक्षर. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास वीज मावते. रोज एकदा पूर्ण चार्ज केली आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीजही धरली, तरी वर्षाला आठ-दहा युनिटांच्या पलीकडे हिशेब जात नाही. आपल्याकडच्या घरगुती दराने ते वर्षाचे शंभरेक रुपये झाले. घरातला फ्रिज एवढी वीज पंधरा-वीस दिवसांत खातो. फोनमुळे पर्यावरणावर पडणारा भार चार्जिंगमधून फारसा येत नाही. तो येतो खाणीतून, चिपच्या कारखान्यातून आणि जुळणीतून. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांत फोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के वाटा निर्मितीचा दिसतो. म्हणजे फोन आपल्या हातात पडतो तेव्हा त्याचं बहुतेक नुकसान करून झालेलं असतं. त्यानंतर गिऱ्हाइकाच्या हातात उरतं ते एवढंच की तोच फोन आणखी दोन वर्षं वापरायचा.

मग एवढ्या मोठ्या अक्षरात ऊर्जा का? कारण कायदा तसा होता. युरोपात वस्तूवर अशी पट्टी लावण्याचा अधिकार २०१७ च्या ऊर्जा-लेबल कायद्यातून येतो, आणि टिकाऊपणाची माहिती त्याच चौकटीत बसवावी लागली. सरकारी कामात असं होतं: ज्या फायलीवर सही मिळते, त्याच फायलीत बाकीचं घुसवायचं. त्यामुळे 'ए' वर्गाचा हिरवा बाण बघून कुणी 'हा फोन दणकट' असं समजून घेऊन गेला, तर त्याला दोष देता येणार नाही.

खालची चित्रं मात्र वाचण्यासारखी आहेत. पडण्याची चाचणी घ्या. फोनला कव्हर नाही, काचेवर टेम्पर्ड ग्लास नाही, आणि एक मीटर उंचीवरून तो पुन्हा पुन्हा पडू द्यायचा. २७० वेळा पडूनही तो नीट चालला तर 'ए' वर्ग. मधल्या पायऱ्या १८० आणि ९० वर. ४५ ही किमान अट. तेवढंही सोसत नसेल तर साधा स्मार्टफोन बाजारातच आणता येत नाही. घडीच्या फोनना थोडी सूट आहे, त्यांची घडी उघडून आणि मिटून वेगवेगळी परीक्षा होते. बॅटरीचं तसंच. ८०० पूर्ण चार्जिंग-फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता शिल्लक हवी. एक फेरी म्हणजे शून्य ते शंभर. दोनदा अर्धा-अर्धा चार्ज केला तर तीही एकच फेरी. रोज एक फेरी धरली तर ही झाली सव्वादोन वर्षं. हा किमान आकडा आहे. त्याच्यावर कोण किती जातो ते पट्टीवर छापावं लागतं, आणि स्पर्धा लागते ती इथेच.

या चाचण्यांवर पहिला मोठा आक्षेप आला तो अॅपलकडून. नियम लागू होण्याच्या सुमारास कंपनीने ४४ पानांचं एक टिपण प्रसिद्ध केलं. चाचणीच्या पद्धतीत संदिग्धता आहे, दोन प्रयोगशाळा एकाच फोनला वेगळे गुण देऊ शकतील, असा त्याचा सूर होता. आणि मग कंपनीने एक वेगळीच गोष्ट केली. ऊर्जेत आयफोन 'ए' वर्गात बसत असतानाही आपण होऊन 'बी' जाहीर केला. उद्या दुसऱ्या कुणी मोजलं आणि कमी भरलं तर फजिती नको म्हणून. यात थोडं राजकारण आहे हे उघड आहे: 'तुमची मोजपट्टी सैल आहे' हे नियामकाला सांगण्याची ही शालीन रीत. पण आक्षेपात तथ्यही आहे. पट्टीवरचे आकडे कंपनी स्वतः मोजते, स्वतःच नोंदवहीत भरते आणि तपासणी नंतर सदस्य देशांच्या यंत्रणांनी करायची असते. ती यंत्रणा किती जागी आहे यावर आकड्याचा भरवसा ठरणार.

आता दुरुस्तीचा वर्ग. सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे.

'ए' ते 'ई' असा हा वर्ग सहा कसोट्यांतून निघतो. पहिली आणि सर्वांत जड कसोटी म्हणजे फोन उघडण्याची खोली: एखादा भाग बाहेर काढायला किती पायऱ्या लागतात. तिला एकूण गुणांपैकी २५ टक्के. बाकीच्या पाच कसोट्यांना प्रत्येकी १५ टक्के: स्क्रू आणि जोड कसले आहेत व ते पुन्हा वापरता येतात का, कुठली हत्यारं लागतात, सुटे भाग कुणाला मिळतात, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळतील, आणि दुरुस्तीची माहिती कुणाला खुली आहे. भागांची यादीही ठरलेली आहे. डिस्प्ले, बॅटरी, मागचं झाकण, पुढचा-मागचा कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, बटणं, माइक, स्पीकर, आणि घडीचा फोन असेल तर बिजागरी. एकूण पाचपैकी चार किंवा जास्त गुण मिळाले की 'ए'. नेदरलँड्सच्या फेअरफोनचा जून २०२५ मध्ये आलेला फोन या वर्गात बसतो. आयफोन 'सी'त बसले.

मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला ही यादी वाचताना एक गोष्ट खटकेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, नाहीतर तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर, सगळीकडे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच असतो: किती पडतील? डिस्प्ले गेलाय, कॉम्बो बदलायचा, ओरिजिनल टाकायचा की कॉपी? स्क्रू सहा आहेत की सोळा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हीट गनने कडा गरम करून मागचं झाकण सोडवायला कारागिराला वीस मिनिटं लागोत की चाळीस, ती त्याची मजुरी. आणि आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे. फोन दुरुस्त होतो की कपाटात जाऊन पडतो हे ठरतं भागाच्या किमतीवर. आणि युरोपच्या सहा कसोट्यांत किंमत नाही.

ती राहून गेली असंही नाही, कारण किमतीचा मुद्दा आधीच टेबलावर होता. फ्रान्सने तो मोजून दाखवला होता. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे कचरा कमी करण्याचा आणि वस्तू फिरत्या ठेवण्याचा एक मोठा कायदा झाला, आणि त्याखाली १ जानेवारी २०२१ पासून पाच प्रकारच्या वस्तूंवर 'दुरुस्ती निर्देशांक' छापणं सक्तीचं झालं: स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, समोरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन आणि गवत कापायचं विजेचं यंत्र. दहापैकी गुण. पाच कसोट्या, पाचही समान वजनाच्या: कागदपत्रं, उघडण्यातली सोय, सुट्या भागांची उपलब्धता, सुट्या भागांची किंमत, आणि त्या-त्या वस्तूपुरती एक खास कसोटी. भागाची किंमत नव्या वस्तूच्या किमतीच्या मानाने जितकी जास्त, तितके गुण कमी. साधा सरळ हिशेब.

अर्थात फ्रान्सच्या पद्धतीतही भोकं होती. स्मार्टफोनच्या खास कसोटीत अपडेटची माहिती दिली का, दूरवरून मदत मिळते का, फोन मूळ स्थितीला आणता येतो का, अशा बाबींना गुण होते. शाळेत प्रात्यक्षिकाचे गुण जसे सगळ्यांनाच मिळतात, तसे हे गुण जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या पदरात पडायचे. मग डिंकाने चिकटवलेल्या बॅटरीमुळे गेलेले गुण इथे भरून यायचे आणि एकूण आकडा सुसह्य दिसायचा. शिवाय गुण कंपनीनेच स्वतःला द्यायचे. फ्रान्समधल्या ग्राहक आणि नियोजित कालबाह्यतेविरुद्धच्या संघटनांनी यावर टीका केली, आणि ती रास्त होती. किमतीच्या गुणोत्तरातही एक गंमत आहे. लाखाच्या फोनचा वीस हजारांचा डिस्प्ले गुणोत्तरात ठीक दिसतो. बारा हजारांच्या फोनचा चार हजारांचा डिस्प्ले नापास होतो. प्रत्यक्षात वीस हजार हे वीस हजारच. तरीही मला वाटतं, किंमत वाकडी मोजणं हे ती मुळीच न मोजण्यापेक्षा बरं. कारण मोजली की ती जाहीर करावी लागते, आणि जाहीर झाली की कुणीतरी तिची तुलना करतोच.

फ्रान्सच्या निर्देशांकाने एक काम नक्की केलं. कागदपत्रांना गुण आहेत म्हटल्यावर कंपन्यांनी कागदपत्रं बाहेर काढली. सॅमसंगने २०२१ मध्ये आपल्या गॅलॅक्सी फोनची दुरुस्ती-पुस्तिका फ्रेंच ग्राहकांसाठी ऑनलाइन ठेवली; तोवर अशा पुस्तिका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बाहेर दिसत नसत. कुणावर दंड नाही, कुणावर खटला नाही, फक्त गुणपत्रिकेत एक रकाना होता. फ्रान्स पुढेही गेला. नुसती दुरुस्ती नव्हे तर विश्वासार्हताही मोजणारा 'टिकाऊपणा निर्देशांक' त्याने जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीला आणि एप्रिलमध्ये वॉशिंग मशीनला लावला. फोनला मात्र लावता आला नाही. युरोपची सामाईक पट्टी आली की एकट्या देशाला वेगळी पट्टी ठेवता येत नाही. २० जून २०२५ ला फ्रान्समध्ये फोनवरचा जुना दुरुस्ती निर्देशांक गेला आणि त्याच्याबरोबर किमतीचा रकानाही गेला. २७ देशांना एक नियम मिळाला, आणि ज्या देशाने ही वाट पाडली त्याच्या गिऱ्हाइकाला आधीपेक्षा एक माहिती कमी मिळू लागली.

इथवर वाचून पट्टीबद्दल निराशा वाटली असेल तर युरोपच्या नियमांचा दुसरा अर्धा भाग बघायला हवा. त्याची चर्चा कमी होते, पण खरं बळ तिथे आहे. पट्टीबरोबर त्याच दिवशी 'इको-डिझाइन'चा नियम लागू झाला. पट्टी माहिती देते आणि निवड गिऱ्हाइकावर सोडते. इको-डिझाइन सांगतो की अमुक नसेल तर माल दारातून आत येणार नाही. पडण्याची ४५ ची अट, बॅटरीची ८०० फेऱ्यांची अट, थोडेफार पाण्याचे शिंतोडे सोसण्याची अट या सगळ्या तिथल्या. आणि दुरुस्तीच्या बाजूने: मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून पुढे सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, मागणी केल्यावर पाच कामाच्या दिवसांत, शेवटच्या दोन वर्षांत दहा दिवसांत. भागांच्या करपूर्व किमती कंपनीने सर्वांना दिसेल अशा संकेतस्थळावर टाकायच्या. म्हणजे वर्गात मोजली नाही तरी किंमत लपवता येत नाही. सात वर्षांची मोजणी पहिला नग विकल्यापासून नाही, शेवटचा नग बाजारात आणल्यापासून. आपल्याकडे जुनं मॉडेल वर्षभर सवलतीत विकून संपवतात, तिथे हा फरक किती मोठा आहे ते लक्षात येईल.

सॉफ्टवेअरची मोजणीही तशीच, शेवटच्या नगापासून पुढे पाच वर्षं. पण त्या कलमाची भाषा अशी आहे की कंपनी अपडेट देत असेल तर ते एवढी वर्षं फुकट द्यावेत. या 'तर'मध्ये वकिलाला शिरायला पुरेशी जागा आहे. बरं, वरच्या किमतीच्या फोनमध्ये हा प्रश्न स्पर्धेने जवळपास सोडवला आहे: गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन दिलं. प्रश्न उरतो तो दहा-पंधरा हजारांच्या फोनचा. त्याची बॅटरी ठणठणीत असते, डिस्प्ले शाबूत असतो, आणि एक दिवस बँकेचं अॅप सांगतं की ही अँड्रॉइड आता चालत नाही.

बॅटरीबद्दल एक तरतूद उलट दिशेनेही काम करते. युरोपच्या २०२३ च्या बॅटरी-नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता यायला हव्यात. वाचून वाटतं, झाकण उघडून बॅटरी काढायचे नोकियाचे दिवस परत आले! पण फोनच्या इको-डिझाइन नियमात एक बाजूची वाट ठेवली आहे. बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर ८३ टक्के आणि १००० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखत असेल, आणि फोन धूळबंद असून एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकत असेल, तर बॅटरी फक्त व्यावसायिक कारागिराने बदलण्याजोगी असली तरी चालते. टिकाऊपणा दाखवा आणि दुरुस्तीतून सूट घ्या, असा हा सौदा. महागडे फोन हीच वाट धरणार. मला हा सौदा वाईट वाटत नाही. मात्र टिकाऊपणा आणि दुरुस्ती या एकाच गाडीच्या दोन बैलजोड्या नाहीत, कधी कधी त्या एकमेकींविरुद्ध ओढतात, हे यातून दिसतं. पाणी आत जाऊ नये म्हणून जो डिंक लावतात, तोच उघडताना आडवा येतो.

याहून अवघड अडथळा स्क्रूचा नाही आणि डिंकाचाही नाही, तो सॉफ्टवेअरचा आहे. फोनमधला कॅमेरा, बॅटरी किंवा डिस्प्ले यांना क्रमांक असतो आणि तो मदरबोर्डशी बांधलेला असतो. दुसऱ्या तशाच फोनमधला अस्सल भाग काढून बसवला तरी फोन तो ओळखत नाही; इशारे देतो, एखादी सोय बंद करतो. आयफिक्सिट या अमेरिकी दुरुस्ती-संस्थेने आयफोन १४ ला २०२२ मध्ये दहापैकी ७ गुण दिले होते. उघडायला तो खरोखर सोपा होता. वर्षभराने, याच बांधणीमुळे, तिने ते गुण ४ वर आणले. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये कायदा करून अशी बांधणी दुरुस्तीच्या आड येऊ देण्यावर बंदी घातली. युरोपचा नियम मवाळ आहे: बांधलेला भाग पूर्ण कामाला लावण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर व्यावसायिक कारागिरांना भेदभाव न करता द्यावं. बंदी नाही, चावी द्या एवढंच.

पण व्यावसायिक कारागीर कोण? ज्याच्याकडे तांत्रिक कौशल्य आहे आणि ज्याने कामातून होणाऱ्या नुकसानीसाठी विमा उतरवला आहे, असा. कंपनी या दोन्हींचा पुरावा मागू शकते. जर्मनीत किंवा डेन्मार्कमध्ये ही अट रोजची आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या चार फुटी गाळ्यात मायक्रोस्कोपखाली बोर्डवरची आयसी काढून पुन्हा बसवणाऱ्या पोराला ती लावली, तर तो पहिल्याच दिवशी बाहेर पडेल, आणि त्याच्याइतकं बोर्डचं काम कित्येक अधिकृत सेंटरांत होत नाही. तिथे 'मदरबोर्ड बदलावा लागेल' हे उत्तर ठरलेलं असतं.

भारतातली गोष्ट सुरू होते ती गाड्यांपासून. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची साधनं न देणं हा आरोप. दुरुस्तीचा हक्क हे शब्द तेव्हा फारसे कुणी वापरत नव्हतं, पण मुद्दा तोच होता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने या हक्कासाठी समिती नेमली आणि चार क्षेत्रं ठरवली: शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झालं, जिथे कंपन्यांच्या पुस्तिका आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एकत्र मिळावी अशी कल्पना होती. मग सप्टेंबर २०२४ मध्ये अतिरिक्त सचिव भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्ती निर्देशांकासाठी वेगळी समिती झाली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला.

अहवालातल्या कसोट्या वाचल्या की युरोपची यादी ओळखू येते: उघडण्याची खोली, दुरुस्तीची माहिती, वाजवी मुदतीत सुटे भाग, सॉफ्टवेअर अपडेट, हत्यारं आणि जोड. भागांची यादीही जवळपास तीच. पाच गुणांची मोजपट्टी. कंपनीने स्वतः मोजून जाहीर करायचं, दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावर क्यूआर कोडने दाखवायचं. कंपन्यांवर अनुपालनाचा जादा बोजा पडू नये, असंही त्यात आवर्जून म्हटलं आहे. उसनवारीला माझा आक्षेप नाही. चाचण्या पुन्हा शोधून काढण्यात काही हशील नाही. खटकतं ते हे की उसने घेतलं ते अक्षर, आणि त्याच्यामागची अट तिथेच राहिली. युरोपात 'ई' वर्गाच्या फोनलाही सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. आपल्याकडे पाचपैकी एक गुण मिळवलेल्या फोनने काय द्यायचं? नुसत्या निर्देशांकात याचं उत्तर नाही. आणि किंमत? तीही युरोपसारखीच बाहेर राहिली. फरक एवढाच की तिथे ती निदान कंपनीच्या संकेतस्थळावर लिहावी लागते.

किमान अट आपल्याला परकी आहे असंही नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे तारे आठवा. २००६ मध्ये ते ऐच्छिक म्हणून आले. २०१० च्या जानेवारीपासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी आणि ट्यूबलाइटला सक्तीचे झाले, आणि एका ताऱ्याच्याही खाली असलेला माल विकायला बंदी आली. शिवाय मोजपट्टी वर सरकत राहिली: जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष बदलले तेव्हा कालचा पाच ताऱ्यांचा एसी चार ताऱ्यांवर आला. दुकानदारांनी कुरकुर केली, माल संपवायला सेल लागले, आणि बाजार पुढे गेला. आज एसी घ्यायला गेलेला माणूस तारे विचारल्याशिवाय परतत नाही. फोनच्या बाबतीत हीच रीत, याच क्रमाने, वापरता येईल: सुरुवातीला जाहीर करा, ठरावीक तारखेला सक्ती करा, खालची पायरी बंद करा, मग पट्टी वर सरकवा. तारीख आधी छापली म्हणजे कंपनीलाही डिझाइन बदलायला वेळ मिळतो.

चाचण्या मात्र जशाच्या तशा उचलून चालणार नाही. बॅटरीच्या फेऱ्या साधारण खोलीच्या तापमानाला मोजतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि डिलिव्हरीवाल्याचा फोन दुपारभर हँडलवर उन्हात, नकाशा चालू आणि चार्जिंगही चालू. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते हे रसायनशास्त्र आहे. युरोपातल्या ८०० फेऱ्यांचा दाखला इथे तितका खरा उतरणार नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत चार्जिंग पोर्टला चढणारा हिरवा गंज शिंतोड्यांच्या चाचणीत दिसत नाही. भारतीय मानक ब्युरोकडे उष्ण-दमट हवेच्या चाचण्यांची परंपरा आहे. फोनच्या निर्देशांकात त्यातली एखादी तरी घालावी.

आणखी एक गोष्ट युरोपच्या आराखड्यात नाही आणि आपल्याला हवी. पट्टी नव्या फोनला लागते, पण आपल्याकडे असंख्य लोकांचा पहिला स्मार्टफोन कुणाचा तरी दुसरा असतो. घरातल्या मुलाने नवा घेतला की जुना आईकडे, तिथून गावच्या काकांकडे. रिफर्बिश्ड फोनची दुकानं आता तालुक्यापर्यंत पोचली आहेत. त्या गिऱ्हाइकासाठी खोकं नसतंच. त्याला हवं ते असं: या मॉडेलचे भाग कधीपर्यंत मिळणार, अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत येणार, डिस्प्लेची कंपनीची किंमत किती. आयएमईआय क्रमांक टाकला की ही तीन उत्तरं मिळतील एवढी सोय दुरुस्तीच्या पोर्टलवर करता येईल. चोरीचा फोन बंद करायला सरकार आयएमईआयची यंत्रणा चालवतंच आहे.

तोवर एक उद्योग इथे बसूनही करता येतो. एप्रेलची नोंदवही जगात कुणालाही खुली आहे. आपण घेणार आहोत तेच मॉडेल युरोपात विकलं जात असेल तर त्याचा दुरुस्तीचा वर्ग, पडण्याचा वर्ग आणि बॅटरीच्या फेऱ्या तिथे सापडतात. भारतातली आवृत्ती कधी कधी वेगळी असते, बॅटरी वेगळी, प्रोसेसर वेगळा, तेव्हा मॉडेल क्रमांक नीट ताडून पाहावा. जर्मनी-नेदरलँड्समध्ये नोकरी करणारी आपली पोरं सुट्टीत येताना घरच्यांसाठी फोन आणतात. त्यांच्या पिशवीतल्या खोक्यावर तर ही माहिती आता छापलेलीच येईल.

किमतीचा प्रश्न युरोपने पूर्ण सोडलेला नाही. जून २०२४ मध्ये मंजूर झालेला दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. त्यात सुटे भाग 'वाजवी' किमतीला द्यावेत असं म्हटलं आहे, आणि करारातल्या कलमांनी, यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने दुरुस्ती अडवायला मनाई आहे. वाजवी म्हणजे किती, हे त्यात लिहिलेलं नाही. ते कोर्टात ठरेल, एकेका डिस्प्लेवरून, एकेका देशात. भारताच्या समितीचा मसुदा नियम होऊन येईल तेव्हा त्यात हा रकाना भरायला अजून जागा आहे: डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग पोर्ट, या तीन भागांची कंपनीची कमाल किंमत, रुपयांत, खोक्यावर, एमआरपीच्या शेजारी.